मदत हवी आहे: बदलून गेलेल्या अधिकाऱ्याने दिलेल्या कर्जाचे गुण कोणाच्या खात्यात धरावेत?

नमस्कार. मी एका नागरी सहकारी बँकेत मनुष्यबळ विभाग पाहतो. पुढील आर्थिक वर्षासाठी शाखांतील कर्मचाऱ्यांच्या कार्यमापनाचे निकष नव्याने ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

सध्या आम्ही प्रत्येकाला ठेवी, कर्जवाटप व नवीन खाती यांचे टार्गेट देतो आणि ३१ मार्चच्या आकड्यांवरून वेतनवाढ ठरवतो. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ओळखीपाळखीने ठेवी गोळा होतात आणि एप्रिलमध्ये परत जातात. बँकेला हवी असते ती वर्षभर टिकणारी, कमी व्याजाची बचत व चालू खात्यांतील रक्कम. यात मी कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. आम्ही जे मोजले, तेच त्यांनी आणून दिले. ग्राहकांच्या संमतीविना लाखो खाती उघडल्याबद्दल २०१६ साली अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, त्याच्या मुळाशीही विक्रीची टार्गेटेच होती.

ठेवींपुरते, वर्षअखेरच्या शिलकीऐवजी दैनिक सरासरी शिल्लक धरावी, असे मी ठरवले आहे. कर्जाचे मात्र कोडे सुटत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे वसुली धोक्यात आलेले) ठरते. पण ही वेळ पुष्कळदा वाटपानंतर वर्ष-दोन वर्षांनी येते आणि तोवर शिफारस करणारा अधिकारी दुसऱ्या शाखेत गेलेला असतो. वाटपाचे गुण तो घेऊन गेला, थकबाकी मात्र नव्या शाखाधिकाऱ्याच्या माथी आली, हे मला अन्यायाचे वाटते. अशी खाती मूळ अधिकाऱ्याच्या नावावर किती काळ ठेवावीत? नव्याने आलेल्याचे मूल्यमापन, तो रुजू झाला त्या दिवसाची थकबाकी आधार धरून, केवळ पुढील बदलावर करावे का? थकबाकी ९० दिवसांच्या आत नियमित केल्यास वेगळे गुण द्यावेत, असाही विचार आहे. परंतु त्यातून नवे कर्ज देऊन जुने फेडून दाखवण्याचा मोह वाढेल, ही भीती वाटते.

दुसरी अडचण रोखपालांची आहे. कॅप्लान व नॉर्टन या व्यवस्थापन अभ्यासकांनी १९९२ मध्ये मांडलेल्या संतुलित गुणपत्रकाच्या (बॅलन्स्ड स्कोअरकार्ड) चार बाजू, म्हणजे आर्थिक, ग्राहक, अंतर्गत कार्यपद्धती आणि शिक्षण व वाढ, मी त्यांच्या कामाला लावून पाहिल्या. रोखीचा अचूक मेळ आणि काउंटरवरील वेळ मोजता येतो. पण ज्याच्या वागणुकीमुळे जुना ठेवीदार टिकून राहतो, त्याच्या कामाचा निकष कोणता ठेवावा?

बँकेत किंवा पतसंस्थेत असे निकष प्रत्यक्ष राबवलेल्या सदस्यांनी, विशेषतः बदलीनंतरच्या थकबाकीची विभागणी कशी केली, ते कृपया सविस्तर लिहावे.