स्टेलारिस: ग्रह वाढले, संशोधन का मंदावलं?

स्टेलारिस या अंतराळातल्या साम्राज्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये शेजारचं साम्राज्य जिंकून चौदा ग्रह घेतले. आता प्रत्येक शोधाला दुप्पट वेळ लागतोय, जहाजं जुनाटच राहिली. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १: एम्पायर साइझ, म्हणजे साम्राज्य किती मोठं झालंय ते दाखवणारा आकडा, बघ. १००च्या पुढे गेला की शोध महागतात. मीही एकदा असाच हावरटपणा करून अडकलो होतो. तेव्हापासून लांबचे ग्रह मांडलिक करून सोडतो. त्यांचा भार आपल्या साइझमध्ये धरत नाहीत. उरलेल्यांवर आधी प्रयोगशाळा, मगच पुढची लढाई.

प्रश्नकर्ता: बघितलं, २४०! नव्या ग्रहांवर नुसत्या खाणी आहेत.

प्रतिसाद २: मग खाणकामगार कमी करून प्रयोगशाळांत लाव. आणि तोवर जुनी जहाजं असली तरी शत्रूच्या बॅटलशिपना, म्हणजे अवजड युद्धनौकांना, घाबरू नकोस. त्यांच्या मोठ्या तोफांचा नेम कॉर्व्हेटवर, म्हणजे छोट्या चपळ जहाजांवर, सहसा लागत नाही. सोबत टॉर्पेडोवाल्या फ्रिगेट (ही पण छोटी जहाजंच) ठेव.