तळातले कृमी: दोष सांडपाण्याचा की खोलीचा?

प्रश्न: पवईसारख्या तलावात १ मीटर खोलीवर गोगलगायी, चतुराच्या अळ्या मिळतात, मध्यभागी ६ मीटरवर निव्वळ ट्युबिफेक्स (कमी ऑक्सिजनमध्येही जगणारे बारीक गांडुळासारखे कृमी) आणि लाल अळ्या. म्हणजे मध्यभाग जास्त प्रदूषित का?

गाळवाला: एवढ्यावरून नाही म्हणता येत. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, तळाचा ऑक्सिजन संपू शकतो, सांडपाणी न येणाऱ्या तलावातही. कायरोनोमसची (डासासारख्या, न चावणाऱ्या माशीची) अळी हिमोग्लोबिनमुळे लाल असते, म्हणून तिथे तगते. तुलना एकाच खोलीवर करा: नाल्याच्या तोंडाशी ३ मीटर, लांबच्या काठाला ३ मीटर. प्रत्येक ठिकाणी गाळाचे तीन नमुने. मे आणि जानेवारी, दोन्ही वेळा. थंडीत पाणी ढवळून तळाला ऑक्सिजन पोचतो.

चाळणी: एकमन ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा जबड्याचा डबा) १५×१५ सेंमी असेल तर त्यातल्या कृमींच्या मोजणीला ४४ ने गुणा, चौरस मीटरचा आकडा येतो. जबड्यात खडा अडकला तर वर येताना गाळ निसटतो. असा नमुना सरळ टाकून द्या. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून बारीक अळ्या निसटतात, पाव मिलिमीटरची घ्या.

गाळवाला: आणि ऑक्सिजन तळाच्या अगदी लगत मोजा, पहाटे. पृष्ठभागाचा आकडा इथे कुचकामी.