दूध शीतकरण केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी कामगिरीचे निकष कोणते ठेवावेत?

धागाकर्ता :
नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका दूध शीतकरण केंद्राचे काम पाहतो. दोन पाळ्यांत मिळून आम्ही अकरा जण आहोत आणि आसपासच्या गावांतील संस्थांचे दूध कॅनमधून गाडीने आमच्याकडे येते. मुख्य कार्यालयाने यंदा आमचा प्रोत्साहन भत्ता तीन आकड्यांशी जोडला आहे : रोजचे संकलन, सरासरी फॅट व एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक), आणि टँकरमधील घट (आम्ही भरून दिलेले दूध दुग्धशाळेत मोजताना जितके कमी भरते ते). पहिले दोन आकडे आमच्या हातातले नाहीत. कृशकाळात, म्हणजे कमी दुधाच्या हंगामात, दूध आटते, उन्हाळ्यात फॅटही उतरते, आणि मग डंपवर, म्हणजे कॅन रिकामे करण्याच्या टाकीपाशी, उभ्या असलेल्या माणसाने कितीही मनापासून काम केले तरी त्याचा भत्ता बुडतो. घटीबद्दल मात्र माझे मत पक्के होत नाही. आमचे काम ज्यांत खरोखर दिसेल असे निकष जाणकारांनी कारणांसह सुचवावेत. मला ते कार्यालयापुढे मांडायचे आहेत.

प्रतिसाद १ :
मी बरीच वर्षे गुणनियंत्रणात काढली आहेत. कोणताही आकडा निवडण्यापूर्वी मी एवढेच विचारतो की, हा आकडा आज बिघडला तर उद्याच्या पाळीत आपली माणसे नेमके काय वेगळे करतील? उत्तर सुचत नसेल तर तो आकडा कार्यालयाने माहितीसाठी जरूर ठेवावा, पण त्यावर कोणाचा भत्ता ठरवू नये.

आपल्याकडे पहिला निकष वेळेचा असावा. धार काढतेवेळी दूध जवळजवळ जनावराच्या अंगाइतकेच ऊन असते आणि ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरायला जितका उशीर होतो तितके जंतू वाढतात. गाडी गावातून उशिरा निघाली तर तो दोष आपला नाही, म्हणून घड्याळ फाटकापासून सुरू करावे आणि शेवटचा कॅन रिकामा होईपर्यंतची व दूध ४ अंशांवर येईपर्यंतची मिनिटे वेगवेगळी नोंदवावीत. पहिला आकडा हमाली आणि डंपवरची शिस्त दाखवतो, तर दुसरा चिलर (दूध थंड करणारे यंत्र), बर्फपाण्याची टाकी आणि शीतयंत्रणेतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरची स्वच्छता.

दुसरा निकष एमबीआरटीचा, म्हणजे दुधात मिसळलेल्या मिथिलीन ब्ल्यूचा निळा रंग जायला लागणाऱ्या वेळेचा; रंग जितका लवकर जातो तितके जंतू जास्त. येथे केवळ टँकरचा नमुना तपासल्यास संस्थेकडून आलेल्या खराब दुधाचे खापर आपल्या माथी फुटेल. आलेल्या दुधाचा मिश्र नमुना आणि भरलेल्या टँकरचा नमुना असे दोन्ही तपासावेत. त्यांच्यात जो फरक पडेल, त्याचा जाब आपल्याला विचारणे रास्त आहे. पाइप आणि टाक्यांची धुलाई नीट झाली नसेल तर ते येथे लपत नाही.

प्रतिसाद २ :
घटीबाबत सावध राहावे. आपण दूध लिटरमध्ये घेत असाल आणि दुग्धशाळा टँकर वजनकाट्यावर किलोमध्ये मोजत असेल, तर मध्ये घनतेचा गुणक येतो. १०,००० लिटर दुधाला १.०३० ने गुणले तर १०,३०० किलो होतात, १.०२८ ने गुणले तर १०,२८० किलो. थेंबही न सांडता २० किलो घट कागदावर उभी राहते आणि कापला जातो तो रात्रपाळीचा भत्ता! हे आमच्या केंद्रावर घडले आहे. गुणक दोन्हीकडे एकच ठरवून घ्यावा आणि काटा व मीटर यांची पडताळणी झाली की मगच घट हा निकष मानावा. फॅटच्या किलोच्या हिशेबालाही हेच लागू आहे, कारण ॲजिटेटर (टाकीतील दूध ढवळणारे यंत्र) पुरेसा न फिरवता नमुना घेतला तर साय वर राहते आणि आकडा खोटा येतो. ॲजिटेटर फिरवणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

प्रतिसाद ३ :
वरील दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एक भीती नोंदवतो. "आंबलेल्या कॅनची संख्या कमी ठेवा" असा निकष कोणी सुचवला तर तो स्वीकारू नका. संख्या कमी दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कॅन न हुंगता टाकीत ओतणे, आणि एक आंबलेला कॅन सगळी टाकी बिघडवतो. नाकारलेला कॅन हे चांगल्या कामाचे चिन्हही असू शकते.

संकलन सर्वस्वी वगळणेही मला पटत नाही. केंद्राचे फॅट वाचन संस्थेच्या वाचनापेक्षा वारंवार कमी आले की संस्था दुसरा खरेदीदार शोधते. म्हणून आठवड्यातून काही नमुने दुसऱ्या माणसाकडून, संस्थेचे नाव झाकून, पुन्हा तपासून घ्यावेत आणि दोन वाचनांतील फरक हा निकष धरावा. त्यात वाढ झाली तर काय करायचे हे तपासनीसाला ठाऊक असते.

धागाकर्ता :
सर्वांचे आभार. फाटकापासूनची मिनिटे, एमबीआरटीतील फरक आणि फेरतपासणीतील तफावत हे तीन निकष मी मांडणार आहे. घट पुढील वर्षापर्यंत बाजूला ठेवावी अशी विनंती करीन, कारण आमचा गुणक काय धरला जातो हे आज दुपारी विचारले तेव्हा कार्यालयातील दोन टेबलांवरून दोन उत्तरे मिळाली.