बेसमेंटमधल्या गाड्या: कृपया कुणीही सेल्फ मारू नका

बी ३०२: पंपाने पाणी निघालंय, वॉचमन म्हणतोय रात्री सीटपर्यंत होतं. खाली जाऊन गाडी सुरू होते का बघू का? दुपारी आईंना डॉक्टरकडे न्यायचंय

ए १०४: नको नको ताई!! चावी ऑनसुद्धा करू नका. आईंना मी सोडतो, माझी गाडी वर रोडवर आहे

सी ५०१: अहो एवढं काय, आमच्या मारुती ८००ला असं झालं की अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा, नाहीतर प्लग काढून पुसायचे, गाडी उचलायचीच

ए १०४: काका तुमचं बरोबर आहे पण ते पेट्रोल ओव्हर झालं तर. चोक जास्त ओढला गेला की प्लग भिजतात, मग थ्रॉटल पूर्ण उघडून भरपूर हवा द्यायची म्हणजे जादाचं पेट्रोल निघून जातं, आताच्या बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्यांतही पेडल तळाला दाबून सेल्फ मारला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल बंद करतो, म्हणजे उपाय तोच. पण आपल्याकडे एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही हो, पिस्टन वर येतो आणि पाण्यावर अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधीकधी ब्लॉकच फुटतो. एका सेल्फमध्ये इंजिन जाऊ शकतं

सी ५०१: अच्छा. मग करायचं काय

ए १०४: आधी पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, इन्शुरन्सला कळवा. मग बॅटरीची मायनस वायर काढा, दहाचा पाना लागतो बहुतेक. डिपस्टिक बघा, ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, पण स्वच्छ दिसलं म्हणून सुरू करू नका. पुढचं मेकॅनिकचं काम, तो प्लग काढून (डिझेलला इंजेक्टर नाहीतर ग्लो प्लग) इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढेल, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलेल, टाकी पण तपासेल

बी ७०३: माझी ऑटोमॅटिक आहे, दोरी बांधून ओढली तर चालेल का?

ए १०४: नाही, गिअरबॉक्स खराब होईल, फ्लॅटबेडवरच (सपाट पाठीच्या टो ट्रकवर) चढवा. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल त्यांनी नारिंगी केबलला हात लावायचा नाही, थेट कंपनीला फोन

बी ७०३: फुल इन्शुरन्स आहे तर इंजिन कव्हर होतं ना?

डी २०२: मी इन्शुरन्सचंच काम करते. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये असतं, पण पाणी गेल्यावर सुरू करायला जाऊन इंजिन गेलं तर क्लेम बहुतेक वेळा नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि त्यातही अटी असतात. २०२४च्या जुलैत खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर पुण्यात एकता नगरीत शिरलं तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतेय, रिन्यूअलच्या वेळी हे कव्हर वगळून पैसे वाचवू नका

सेक्रेटरी: मेसेज पिन केलाय. बेसमेंटची लाइट बंदच आहे, टॉर्च घेऊन जा. टो व्हॅन बोलावतोय, रॅम्पजवळच्या गाड्या आधी निघतील, ज्यांच्या आहेत त्यांनी चावी घेऊन गेटवर या

बी ३०२: थँक यू दादा, आई अकराला तयार असतील