सेकंड हँड हिमालयन घेतली, दुकानदाराने ३८ हजाराची यादी दिलीय, आधी काय करू?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. बारा वर्षं स्प्लेंडर चालवली, तिला कधी पेट्रोल आणि वर्षातून एकदा ऑइल सोडून काही विचारलं नाही. आता मागच्या महिन्यात पुण्याहून रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आणली, २०१९ चं मॉडेल, २८ हजार किमी चाललेली. चालवत आणली, टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हाच चार लोक गाडीभोवती जमले, छाती जरा फुगलीच.

दिवाळीत मित्राबरोबर हंपीला जायचंय. सोलापूरहून विजापूर, हुनगुंद, कुष्टगी, होस्पेट असं साधारण ३०० किमी होतंय. गावातल्या एका अ‍ॅक्सेसरीवाल्याकडे गेलो तर त्याने यादीच काढली: ४० वॉटचे दोन फॉग लाईट, डबल हॉर्न, क्रॅश गार्ड, दोन्ही बाजूचे पॅनिअर (सामानाच्या पेट्या), मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, हँडल रायझर (हँडल उंच करायचे तुकडे), ट्यूबलेस पंक्चर किट. ३८ हजार. माझं बजेट ४० आहे म्हणून सांगायची चूक मीच केली. मला स्वतःला चेनसुद्धा टाइट करता येत नाही. बायको म्हणते आधी गाडी पुसायला शिका. कुठून सुरू करू?

मालक_१३

मालक, आधी ३८ हजाराची यादी फाडा. ती तुमच्या गाडीची नाही, तुमच्या बजेटची यादी आहे 😄

त्या यादीतलं ट्यूबलेस किट बघूनच कळलं. ४११ ला स्पोकची चाकं, आत ट्यूब. ट्यूबलेसची वळलेली पट्टी तिथे काय कामाची? विकणाऱ्याला एवढं माहीत नसेल तर तो वायरिंगला हात लावायच्या लायकीचा नाही.

विजापूर_नाका

वरच्या मालकांशी सहमत. वायरिंगवरून आठवलं म्हणून माझंच सांगतो, लांबेल, सांभाळून घ्या.

मीपण असेच दोन ४० वॉटचे लाईट लावले होते, एका दुकानात, पाऊण तासात काम झालं, पोराने हेडलाईटच्या वायरीला चिमटा मारून तिथूनच कनेक्शन दिलं, वर काळी टेप गुंडाळली, झालं. गल्लीत काय उजेड पडला म्हणून सांगू. महिन्याने रात्री विजापूरहून येत होतो, झळकीच्या अलीकडे आधी जळका वास आला, मला वाटलं शेतात पाचट पेटवलंय, आणि मग एकदम सगळा अंधार. फॉगही गेले, हेडलाईटही गेला. मागे ट्रक. कशीबशी गाडी कडेला घेतली, मोबाईलच्या बॅटरीत बघितलं तर हेडलाईटच्या मागचं कनेक्टर पार वितळून एकजीव झालेलं. तिथून घरापर्यंत एका टेम्पोच्या उजेडात त्याच्या मागे मागे आलो.

चूक कुठे होती ते नंतर कळलं. ४० चे दोन म्हणजे ८० वॉट, १२ व्होल्टला पावणेसात अँपिअरच्या आसपास. हेडलाईटचा लो बीम ५५ वॉटचा, त्याचे साडेचार वेगळे. हे सगळं एकाच बारीक वायरीतून ओढलं तर ती तापणारच. म्हणून रिले लागतो, म्हणजे थोड्या करंटवर मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसवरून वायर काढायची, वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून लाईटला. ८५ अर्थ. ८६ ला स्विचमधून येणारी वायर, आणि स्विचला करंट चावी चालू असेल तेव्हाच येईल अशा वायरीतून घ्यायचा, नाहीतर लाईट चालू राहून सकाळी बॅटरी झोपलेली मिळते. स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, मोठा लोड सरळ बॅटरीतून. सामान दोन जेवणांच्या पैशात येतं. दुकानदाराला "रिले टाकला का" एवढं विचारायचं नाही, "दाखव" म्हणायचं.

आणि हंपी दिवसा जाणार दिवसा येणार असाल तर फॉग आत्ता घेऊच नका. आधी हेडलाईटची काच पुसा आणि सामान लादल्यावर बीम वर जातो तो खाली करून घ्या, निम्मं काम त्यातच होतं.

सायलेन्सरचं तर नावच नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीने दिलेल्या गाडीत असले बदल चालत नाहीत. शिवाय त्या आवाजात ३०० किमी बसून बघा, होस्पेट येईपर्यंत कानात गड्ड्याच्या जत्रेतला मौत का कुआँ चालू राहतो.

काळी_माती

चेन टाइट करता येत नाही म्हणालात, ते आधी शिका बाकी सगळं नंतर. आमच्याकडे शेताला रोज जाणं असतं, पावसाळ्यात काळी माती चेनमध्ये बसते ती सुकली की सिमेंट. मी असं करतो:

गाडी मेन स्टँडवर. इंजिन बंद, न्यूट्रल. हे लक्षात ठेवा, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत फडकं धरणारे लोक आहेत, त्यातल्या एकाचं बोटाचं पेर गेलेलं मी बघितलंय. चाक हातानेच फिरवायचं. मऊ ब्रशने रॉकेल किंवा चेन क्लीनर, पेट्रोल नाही, पेट्रोलने चेनच्या आतल्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, खराब होतात. सुक्या कपड्याने पुसायची. मग ९० नंबर गिअर ऑइल किंवा स्प्रे, चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे फिरताना ते आपोआप बाहेर पसरतं. रात्री लावून ठेवलं तर उत्तम, लावून लगेच निघालात तर अर्धं मागच्या रिमवर आणि अर्धं पँटवर. दर ५०० किमीला, पाऊस लागला तर त्याच दिवशी.

ढील बघताना चाक फिरवत तीनचार जागी बघा, चेन सगळीकडे सारखी ढिली नसते. जिथे सगळ्यात टाइट असेल तिथे माप घ्यायचं, किती ठेवायची ते मॅन्युअलमध्ये आहे. अ‍ॅक्सलचा नट सोडून दोन्ही बाजूचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवायचे, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा दोन्हीकडे एकच दाखवत पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं.

स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दातही बघा. वाकून एका बाजूला आकड्यासारखे झाले असतील तर नुसती चेन टाइट करून उपयोग नाही.

आणि हवा सकाळी, गाडी थंड असताना. आपल्याकडे लोक मे महिन्यात दुपारी पंपावर मोजतात, ३२ ची ३६ दिसली की सोडून देतात, रात्री टायर थंड झाला की बसला खाली.

आसरा_चौकातली

सगळे चेन आणि वायर सांगतायत, मी वेगळं सांगते. दादा, ही गाडी पडली तर तुम्हाला एकट्याला उचलता येते का? स्प्लेंडर हिसका मारून उभी राहते. ही जवळपास दोनशे किलोची आहे, त्यात पॅनिअर भरलेले.

मी ५ फूट २ इंच, सीटची उंची ८०० एमएम, पहिल्या महिन्यात तीनदा आडवी केली, एकदा तर भर सात रस्त्यावर सिग्नलला. आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण. उजव्या बाजूला पडली असेल तर डावीकडचं साइड स्टँड आधीच काढून ठेवायचं आणि गिअर टाकायचा म्हणजे घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि पायांनी मागे चालत उठायचं. पाठीने ओढलंत तर हंपी पलंगावरूनच बघाल. घरी जुनी गादी टाकून सराव करा.

क्रॅश गार्ड मात्र घ्या, यादीतली ती एकच वस्तू बरोबर आहे. रायझर घेतलाच तर बसवल्यावर गाडी उभी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय. सीट टोचत असेल तर फोम बदलण्याआधी सोलापुरी चादर घडी करून टाका आणि तुळजापूरपर्यंत जाऊन या, कुठे जाड पाहिजे ते कळेल.

पंक्चरचं सामान: दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन, पंप आणि पुढची २१ ची ट्यूब. अडीअडचणीला ती मागच्या १७ मध्ये कोंबून पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं.

मालक_१३

चादरीचा जुगाड मीपण केलाय, फक्त घाम आला की रंग पँटला लागतो 😂 आणि हो, गाडी पुण्याची आहे ना, आरसी नावावर झाली का? फॉर्म २९, ३०, आणि लोन असेल तर ३५ बँकेच्या एनओसीसकट. इन्शुरन्ससुद्धा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज लागतो. महिना झाला म्हणताय.

जुळे_सोलापूरकर

इन्शुरन्सचं डोक्यातच नव्हतं बे, उद्या पहिलं ते. आरसीचे कागद दिलेत.

रविवारी चेन धुतली. दोन तास गेले, रॉकेलचा वास अजून हाताला आहे, बायकोने ताटाला हात लावू दिला नाही, भाकरी मोडून दिली. चेनच्या दोन कड्या कडक झाल्यात, वळतच नाहीत, आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात काळी_माती म्हणाले तसेच, आकड्यासारखे. ४० हजाराचं बजेट इथूनच फुटायला लागलं. क्रॅश गार्ड आणि ट्यूब घेतोय, बाकी यादी फाडली. एकच विचारायचंय, पुढचं स्प्रॉकेट बरं दिसतंय, चेन आणि मागचंच बदललं तर चालेल का?

काळी_माती

नाही. तिन्ही एकदम. जुन्या दातांवर नवी चेन घातली की ती पण दोन महिन्यांत तशीच.