मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातल्या काउंटी कोर्टातून घटस्फोटाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी कशी मागवायची?

खडकवासला

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचा घटस्फोट २०१४ साली कॅलिफोर्नियात, सँटा क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात) झाला. तो आता पुण्यात असतो. विशेष विवाह कायद्याखाली दुसऱ्या लग्नाची नोंदणी करायची आहे आणि विवाह अधिकाऱ्यांनी निकालाची प्रमाणित प्रत मागितली आहे. झेरॉक्स चालणार नाही म्हणतात. हाताशी फक्त पहिल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे, त्यात केस नंबर धड वाचता येत नाही. तिकडच्या वकिलाचं ऑफिस बंद झालंय.

नंबर कसा शोधायचा? भावाने तिथे जाणं गरजेचं आहे का, की दुसरं कोणी प्रत काढू शकतं? परदेशी कागद इथे चालावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र, अपॉस्टिल म्हणतात ते कोण देतं?

टिळक_रोड

पेसर नावाची साइट आहे. खातं उघडा, अमेरिकेतल्या सगळ्या कोर्टांचे कागद मिळतात.

फाइलबंद

टिळक_रोड, पेसर फक्त फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांसाठी आहे. दिवाळखोरी, फेडरल गुन्हे, दोन राज्यांतल्या पक्षकारांचे मोठे दावे तिथे सापडतील. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचं बिल माफ. पण घटस्फोट राज्याच्या कोर्टात होतो. तो पेसरवर शोधला तर शून्य निकाल येतील आणि माणसाला वाटेल की रेकॉर्डच नाही.

खडकवासला, कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आणि प्रत्येकीत एक सुपीरियर कोर्ट. तुमची फाइल सँटा क्लाराच्या सुपीरियर कोर्टात, फॅमिली विभागाच्या क्लार्ककडे आहे. नावावरून हमखास गोंधळ होतो तो काउंटी क्लार्क-रेकॉर्डरचा. ते वेगळं ऑफिस. तिथे लग्नाचे दाखले आणि घरजमिनीचे दस्त मिळतात, घटस्फोटाचा निकाल नाही. राज्याच्या आरोग्य खात्याकडेही जाऊ नका. त्यांच्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळातल्या घटस्फोटांची नोंद आहे, आणि तीही नुसती नोंद, निकालाची प्रत नव्हे.

नंबर शोधायला कोर्टाच्या साइटवरचं पब्लिक पोर्टल वापरा, नावाने शोध घेता येतो. फॅमिली केसच्या नंबरात वर्षाचे दोन आकडे आणि 'एफएल' ही अक्षरं असतात. तुमच्या पुसट फोटोतही एवढं ओळखू येईल.

आपली नावं मात्र तिथे हमखास दगा देतात. अर्ज भरणाऱ्याने मधलं नाव गाळलेलं असू शकतं, किंवा वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलेलं असू शकतं. बायकोची केस माहेरच्या आडनावावर असू शकते. म्हणून आधी फक्त आडनाव आणि पहिल्या नावाची दोन-तीन अक्षरं टाकून बघा. मग उलट करून, पहिलं नाव आडनावाच्या जागी. तरीही नाही मिळालं तर समोरच्या पक्षाच्या नावाने शोधा. दोघांपैकी कोणीही सापडलं तरी केस तीच.

पोर्टलवर केसमध्ये कोणत्या तारखेला काय दाखल झालं याची यादी दिसेल, त्याला रजिस्टर ऑफ ॲक्शन्स म्हणतात. कागद मात्र उघडणार नाहीत. कॅलिफोर्निया कोर्ट नियम २.५०३ प्रमाणे फॅमिली केसचे कागद घरबसल्या दाखवायचे नसतात, कोर्टात जाऊनच पाहायचे. साइट बिघडली आहे असं समजून लोक उगाच तासन् तास खटपट करत बसतात. यादी उतरवून घ्या, पुढे तीच कामाची आहे.

सॅनहोजेकर

भावाने यायची गरज नाही. कॅलिफोर्नियात घटस्फोटाची फाइल, सील केलेले आणि गोपनीय कागद सोडले तर, सार्वजनिक आहे. केस नंबर असला की कोणीही खिडकीवर जाऊन प्रत मागू शकतं, मुखत्यारपत्र लागत नाही. बे एरियात, म्हणजे सॅन होजेच्या आसपास, ओळखीचं कोणी असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. जुनी फाइल बाहेरच्या गोदामात असेल तर ती मागवून घेतात, मग परत जावं लागतं. म्हणून आधी फोन करून फाइल कुठे आहे ते विचारायला सांगा.

फीमध्ये लोक फसतात ते असं: साधी प्रत पानाला ५० सेंट. कुठल्याही कागदावर 'खरी नक्कल' असा शिक्का-सही हवी तर सर्टिफिकेशनचे ४० डॉलर. पण घटस्फोटाच्या रेकॉर्डच्या सर्टिफाइड कॉपीसाठी फी-पत्रकात वेगळी ओळ आहे, १५ डॉलरची. नुसतं 'सर्टिफाइड कॉपी' असं मोघम लिहिलं की ४० ची ओळ लागू शकते. 'डिसोल्यूशन जजमेंटची (म्हणजे घटस्फोटाच्या निकालाची) सर्टिफाइड कॉपी' असं स्पष्ट लिहा. केस नंबर न देता शोध घ्यायला लावलात आणि दहा मिनिटांच्या वर वेळ गेला तर शोधाचे १५ डॉलर वेगळे. फी बदलत असते, पाठवायच्या दिवशी कोर्टाच्या साइटवरचं पत्रक बघून घ्या.

'एक्झेम्प्लिफाइड कॉपी' कोणी सुचवली तर घेऊ नका. तिच्यावर क्लार्कसोबत न्यायाधीशाचीही सही असते, ५० डॉलर पडतात, आणि ती प्रामुख्याने अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्याच्या कोर्टासाठी लागते.

टपालाने मागवायचं तर पत्रात दोघांची पूर्ण नावं, केस नंबर, दस्तऐवजाचं नाव आणि दाखल झाल्याची तारीख लिहा. सोबत चेक. नक्की किती पानं आहेत ते माहीत नसतं, म्हणून रकमेची जागा कोरी ठेवून चेकवर 'नॉट टू एक्सीड' आणि वरची मर्यादा लिहायची पद्धत आहे. शिवाय स्वतःचा पत्ता घातलेलं, अमेरिकेची तिकिटं लावलेलं पाकीट. पुण्याहून नेमक्या याच दोन गोष्टी जमत नाहीत. भारतीय बँकेचा चेक तिथे वटत नाही आणि आपली पोस्टाची तिकिटंही चालत नाहीत. तिकडच्या मित्राकडूनच पाठवा.

वकिलीण

प्रत मागवण्याआधी ती कशासाठी वापरायची आहे ते ठरवा, नाहीतर एकच पान मागवाल आणि पुन्हा तेच चक्र सुरू.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. लग्न तिरुपतीला, घटस्फोट मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टात. म्हणजे काउंटीच्याच कोर्टाचा कागद. न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. घटस्फोटाचं कारण हिंदू विवाह कायद्यात बसणारं नव्हतं आणि पत्नीने त्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र स्वीकारलेलं नव्हतं. पण समोरच्या पक्षाने स्वेच्छेने हजर राहून केस लढवली असेल किंवा घटस्फोटाला संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी, हेही त्याच निकालात आहे. परदेशी कोर्टाचा निकाल इथे कधी मानायचा हे सांगणारं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ या निकालाच्या आधारेच वाचलं जातं.

म्हणून नुसता निकाल पुरत नाही. समोरची व्यक्ती केसमध्ये सामील होती हे दाखवणारा कागदही सर्टिफाइड करून घ्या. कॅलिफोर्नियाच्या फॉर्मच्या भाषेत:

एफएल-१८०, म्हणजे निकाल, त्याला जोडलेल्या सगळ्या पानांसकट. एफएल-१९०, निकाल नोंदवल्याची सूचना. आणि एफएल-१२० म्हणजे समोरच्याचं उत्तर, किंवा एफएल-१३० म्हणजे हजेरी व सहमतीचा फॉर्म, यांपैकी फाइलमध्ये जो असेल तो. या शेवटच्या दोन्हींपैकी काहीच नसेल आणि फक्त एफएल-११५, म्हणजे समन्स बजावल्याचा पुरावा, असेल तर केस एकतर्फी झाली असण्याची शक्यता धरा. समोरची व्यक्ती तेव्हा भारतात असेल तर समन्स कसं बजावलं तेही तपासा. परदेशातून थेट टपालाने समन्स पाठवण्याला भारताचा आक्षेप आहे, समन्स बजावण्याबद्दलच्या हेग या आंतरराष्ट्रीय करारात.

आता एफएल-१८० हातात आल्यावर काय बघायचं. वरच्या भागात सुनावणी कशी झाली याच्या चौकटी आहेत: डिफॉल्ट किंवा अनकंटेस्टेड (समोरच्याने उत्तर न देता किंवा विरोध न करता), घोषणापत्रावरून, की कंटेस्टेड (केस लढवून). त्याखाली कोर्टाला प्रतिवादीवर अधिकार कसा मिळाला ते: समन्स बजावलं म्हणून, की प्रतिवादी हजर झाला म्हणून. या दोन खुणांवर तुमचं निम्मं उत्तर आहे.

आणि तारीख. कॅलिफोर्नियात समन्स बजावल्यापासून किंवा प्रतिवादी हजर झाल्यापासून, जे आधी असेल तिथून, किमान सहा महिने गेल्याशिवाय वैवाहिक नातं संपत नाही. त्यामुळे वरच्या कोपऱ्यातला फाइल झाल्याचा शिक्का एका तारखेचा आणि नातं संपल्याची तारीख त्यानंतरची असू शकते. विवाह अधिकाऱ्याच्या अर्जात दुसरी लिहायची. लोक शिक्क्याची तारीख लिहितात, मग दोन कागदांवर दोन तारखा होतात आणि फाइल अडकते. रजिस्टरमध्ये दोन जजमेंट दिसली तर दचकू नका. नातं संपवणारा निकाल आधी आणि मालमत्तेचा नंतर, असंही होतं. दोन्ही मागवा.

खडकवासला

अनेक आभार. केस नंबर मिळाला! यादीत एफएल-१३० आहे, म्हणजे दोघांची सहमती होती. आता अपॉस्टिलचं सांगा.

सॅनहोजेकर

उत्तम, मग पुष्कळ सोपं झालं.

अपॉस्टिल त्या राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट देतो. वॉशिंग्टनचं स्टेट डिपार्टमेंट फक्त फेडरल कागदांचं करतं, तिथे पाठवलं तर तसंच परत येतं. कॅलिफोर्नियात टपालाने सॅक्रामेंटोला पाठवायचं, २० डॉलर. खिडकीवर स्वतः दिलं तर एका सहीमागे आणखी ६. सोबतच्या पत्रात कागद कोणत्या देशात वापरायचा ते लिहावंच लागतं: इंडिया.

ते ऑफिस कागद खरा आहे का ते बघत नाही, त्यावर सही करणाऱ्या क्लार्कची सही त्यांच्या नोंदीशी ताडून बघतं. म्हणून कोर्टात प्रत घेतानाच 'अपॉस्टिलसाठी हवी' असं सांगा, म्हणजे योग्य माणसाची सही मिळते. आणि प्रतीची पिन काढू नका! स्कॅन करायला पानं सुटी केली की सर्टिफिकेशन गेलं, परत फी. लॅमिनेशनही नको.

वकिलीण

यात एक पोटप्रश्न आहे. त्याच १९९१ च्या निकालात प्रतीबद्दलही लिहिलंय. डेप्युटी क्लार्कने प्रत रीतसर प्रमाणित केली होती, पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्र सोबत नव्हतं, म्हणून पुरावा कायद्याच्या कलम ८६ खाली ती ग्राह्य धरली नाही. भारत अपॉस्टिल करारात आला २००५ साली, आणि पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. विवाह नोंदणीला अपॉस्टिल केलेली प्रत पुरावी. पण प्रकरण कधी कौटुंबिक न्यायालयात जाण्याची शक्यता असेल तर भारताच्या वाणिज्य दूतावासाचं प्रमाणीकरणही हवं का, हे इथल्या वकिलाला कागद अमेरिकेत असतानाच विचारा. पुण्यात आल्यावर तो परत पाठवणं फार महागात पडतं.

निकालावर नाव मधल्या नावाशिवाय असेल आणि आधार-पासपोर्टवर तीन नावं असतील, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

ओक_ट्री_रोड

याच धाग्यात विचारतो. न्यू जर्सीत ओळखीच्यांना सिटिझनशिपचा एन-४०० भरायचा आहे. बारा वर्षांपूर्वी एडिसनच्या मॉलमध्ये शॉपलिफ्टिंगची केस झाली होती, पुढे मिटली. मिडलसेक्स काउंटी कोर्टात रेकॉर्ड सापडत नाही. म्हणजे नष्ट झालं असं समजायचं का?

फाइलबंद

नाही. जागा चुकली आहे. न्यू जर्सीत २०० डॉलरपेक्षा कमी किमतीचं शॉपलिफ्टिंग म्हणजे 'डिसऑर्डर्ली पर्सन्स' हा किरकोळ गुन्हा, आणि तो काउंटीच्या सुपीरियर कोर्टात न जाता त्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो. मॉल ज्या टाउनशिपच्या हद्दीत आहे तिथल्या म्युनिसिपल कोर्टाला विचारा. समन्सचा नंबर नसेल तर पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अंदाजे वर्ष द्या.

मागायचं ते 'सर्टिफाइड डिस्पोझिशन', म्हणजे केसचा शेवट काय झाला याचा शिक्क्याचा कागद. पोलिस रिपोर्ट वेगळा, तो याची जागा घेत नाही. खरोखरच नोंद उरली नसेल तर 'शोध घेतला, रेकॉर्ड नाही' असं पत्र कोर्टाकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. तेही फाइलला लागतं. आणि केस एक्सपंज झाली, म्हणजे कोर्टाने नोंद पुसली, म्हणून फॉर्ममध्ये 'नाही' लिहू नका. एन-४०० मध्ये एक्सपंज झालेल्या अटकाही सांगाव्या लागतात. फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशन वकील, हे इथे गाळू नये.

पैसे घेऊन 'बॅकग्राउंड रिपोर्ट' देणाऱ्या साइट्स गुगलवर सगळ्यात वर येतात. त्यांचा छापील कागद कुठलंच ऑफिस घेत नाही.

टिळक_रोड

दुरुस्तीबद्दल आभार. टेक्सस, न्यूयॉर्कलाही हीच पद्धत का?

फाइलबंद

नाही ना, हीच तर कटकट. टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आणि बहुतेकींत दोन वेगळे क्लार्क, छोट्या काउंट्यांत मात्र एकच. घटस्फोट डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. मृत्युपत्र आणि जमिनीचे दस्त काउंटी क्लार्ककडे. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट देणाऱ्या कोर्टाचं नावच सुप्रीम कोर्ट, पण ते सगळ्यात खालच्या पायऱ्यांपैकी एक, आणि त्याची फाइल काउंटी क्लार्क सांभाळतो. तिथे घटस्फोटाची फाइल सार्वजनिक नाही. पक्षकार किंवा त्याचा वकील यांनाच मिळते, म्हणून मित्राला पाठवायचं तर पक्षकाराचं नोटराइज्ड संमतीपत्र लागतं. न्यू जर्सीत अपॉस्टिल सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नाही, ट्रेझरी खात्याकडे.

खडकवासला

शेवटचं: प्रती किती घेऊ?

वकिलीण

दोन. एक विवाह अधिकाऱ्याकडे जाईल, आणि पासपोर्टवरचं आधीच्या पत्नीचं नाव काढायचं असेल तर पासपोर्ट ऑफिसही प्रमाणित प्रत मागू शकतं. अपॉस्टिल प्रत्येक प्रतीवर स्वतंत्र, म्हणजे २० डॉलरही दोनदा.