अश्वगंधा घ्या आणि गोळ्या फेका म्हणे!

कडू काढा (धागाकर्ता):
काल इथे एक लेख आला. सारांश असा: झोपेची गोळी आज रात्रीच कचऱ्यात टाका, अश्वगंधा सुरू करा, सात दिवसांत गाढ झोप, चिंता गायब, मन प्रसन्न, अपाय शून्य कारण वनस्पती. खाली बदामांचा पाऊस. प्रतिसाद लिहायला बसलो तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

मी अश्वगंधेच्या विरोधात नाही. हे आधीच सांगतो, कारण तिसऱ्या प्रतिसादापर्यंत कोणीतरी मला औषध कंपन्यांचा दलाल ठरवणारच.

राग आला तो 'आज रात्रीच' या शब्दांचा. झोपेसाठी, चिंतेसाठी देतात ते क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम महिनोन्‌महिने घेणाऱ्याने ते एकदम बंद केलं, तर झोप आणखी उडते, धडधड वाढते, काहींना झटकेसुद्धा येतात. ती गोळी पायरीपायरीनं उतरवतात, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. लेखकाला हे ठाऊक नसेल तर त्यानं लिहू नये. ठाऊक असून लिहिलं असेल तर काय बोलणार!

आता माझी गोष्ट. थायरॉईड कमी आहे, रोज सकाळी गोळी असते. झोप लागेना म्हणून अश्वगंधेच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या. पहिले काही आठवडे छान गेले, खोटं कशाला बोलू. मग हात थरथरायला लागले, छातीत धडधड, आणि टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा; थायरॉईड जास्त झालं की हा उतरतो) पार तळाला. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, 'दुसरं काही औषध घेता का?' तिन्ही वेळा मी 'नाही' म्हणालो. कारण माझ्या लेखी ते औषध नव्हतंच! कॅप्सूल थांबवल्या, दोन महिन्यांनी आकडा जागेवर आला.

जागती मैना:
तिसऱ्यापर्यंत कशाला थांबायचं, मीच म्हणते: दलाल! (गंमत केली. पूर्ण नाही.)

एका माणसाचा एक रिपोर्ट, त्यावर एवढा मोठा धागा? माझी दोन वर्षं पहाटे तीनला जाग येण्यात गेली. आईचं आजारपण, नोकरी, सगळं एकदम आलेलं. डॉक्टरांनी चार मिनिटांत चिठ्ठी लिहिली, मान वर न करता. गोळीनं झोप यायची, पण दुपारपर्यंत डोक्यात कापूस. शेवटी अश्वगंधेनं माणसात आणलं. आणि पुरावाच हवा ना? 2012 साली 64 जणांवर 60 दिवसांची चाचणी झाली, अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) दोन्ही उतरले. 2019 साली निद्रानाशाच्या 60 रुग्णांवर दहा आठवड्यांची झाली, झोप लवकर लागली. हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

कडू काढा:
माझा रिपोर्ट एका माणसाचा, तर तुमची झोपही एकाच बाईची.

खलबत्ता:
आयुष्य औषधांच्या काउंटरमागे गेलं, म्हणून दोन पैसे माझेही.

मैनाताई, आकडे बरोबर आहेत. पण 60-64 म्हणजे मूठभर माणसं. शिवाय दोन्ही चाचण्यांत मुळाचा ठरावीक अर्क होता, 300 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तो निकाल दाखवून चूर्ण घ्यायला सांगतात. चूर्णाची मात्रा तीन ते सहा ग्रॅम, अर्काची मिलिग्रॅममध्ये. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की गडबड ठरलेलीच.

काढेबुवांचा टीएसएच मला तरी नवल वाटलं नाही. 2018 साली थायरॉईड किंचित कमी असलेल्या 50 जणांपैकी निम्म्यांना रोज 600 मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिला, त्यांचा टीएसएच उतरला होता. ज्याला गरज आहे त्याला ते बरं. जो आधीच गोळी घेतोय त्याला जास्तीचं होतं. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत: खाज, कावीळ, साधारण दोन ते बारा आठवड्यांत. प्रमाण विरळ, पण 'अपाय शून्य' म्हणायला जागा नाही. गर्भारपणात तर टाळाच.

जागती मैना:
आणि झोपेच्या गोळीनं काय गुलाबपाणी शिंपडलं जातं? 2016 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनंच सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि विचार बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत), गोळी नव्हे. मला किती डॉक्टरांनी ते सुचवलं? शून्य. माणसं मुळ्यांकडे हौसेनं वळत नाहीत हो!

कडू काढा:
हे मात्र मान्य. चार मिनिटांच्या चिठ्ठीबद्दल तर दोनदा मान्य.

मुळाक्षर:
वैद्य आहे. दोन्ही बाजूंनी ऐकून कंटाळले.

मूळ वापरायचं, पान नव्हे. स्वस्त पडतं म्हणून अर्कात पानं घालतात. 2021 साली आयुष मंत्रालयानंही पानं वापरू नका असं उत्पादकांना सांगितलं. गंमत बघा, जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठानं 2017 साली उंदरांना झोप आणणारा घटक म्हणून जे ट्रायएथिलीन ग्लायकॉल दाखवलं, ते पानातलं होतं! म्हणजे उंदीर पानानं झोपले आणि जाहिरात मुळाची.

आणि डेन्मार्कनं 2023 साली अश्वगंधेवर बंदी घातली म्हणून नाचणाऱ्यांनो, प्रकृती, मात्रा, काळ न बघता कोणीही डबा उघडून गिळणार असेल तर मीही बंदीच घालीन. अश्वगंधा बल्य आणि बृंहण, म्हणजे बळ देणारी आणि शरीर भरणारी, म्हणून सांगितली आहे, तिला झोपेची गोळी तुम्ही लोकांनी केलंत.

खलबत्ता:
'तुम्ही लोकांनी' म्हणजे कोणी? डब्यावर 'रिलॅक्स' आणि 'स्लीप' छापणारे आयुर्वेदाच्याच नावानं विकतात. आधी घर झाडा.

मुळाक्षर:
झाडतेय. झाडू हातात असतानाच तुमच्यासारखे चपला घालून आत येतात.

हिरवं बोट:
भांडू नका. मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा ब्राह्मी बरी. कुंडीतली रोज चार पानं चावते, तीन वर्षं शांत झोपतेय.

दीडशहाणा:
कोणती ब्राह्मी?

हिरवं बोट:
ब्राह्मी म्हणजे ब्राह्मी. हे काय विचारणं!

दीडशहाणा:
निम्म्या कुंड्यांत ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी असते. खरी ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, पानं बारकी, जाडसर, समोरासमोर, फूल फिकट. मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका, पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, लांब देठावर. कुळंसुद्धा वेगळी.

मुळाक्षर:
त्यावरून वैद्यांमध्येच जुना वाद आहे, इतक्या ठसक्यात निकाल देऊ नका. प्रांतोप्रांती नाव बदलतं.

दीडशहाणा:
नाव बदलतं, झाड नाही बदलत. तगरीचंही तेच. झोपेसाठी सांगतात ती तगर व्हॅलेरियनच्या कुळातली, मुळाला उग्र वास. अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर भलतीच. गेल्या वर्षी एकानं इथेच विचारलं होतं, 'दारातल्या तगरीचं मूळ उकळू का?' खाली तीन जणांनी 'बिनधास्त' लिहिलं होतं! तिच्यात वेगळीच अल्कलॉइडं असतात.

कडू काढा:
धागा माझा होता असं अंधूक आठवतंय.

जागती मैना:
काढेबुवा, लिहून टाकते एकदाचं. 'आज रात्रीच फेका' हे चूकच. मी स्वतः गोळी तीन महिन्यांत उतरवली होती, डॉक्टर बदलून. मघाशी लिहिलं नाही, कारण तुम्ही फार माजात होतात.

कडू काढा:
म्हणजे अश्वगंधेआधी गोळी सुटली ती एका चांगल्या डॉक्टरमुळे? हे 'सोयीस्कर गाळलंत' कोण म्हणालं होतं?

जागती मैना:
झोपा आता.

हिरवं बोट:
कुंडीचा फोटो टाकलाय. दीडशहाणे, बघा आणि गप्प बसा.

दीडशहाणा:
गोल पान, लांब देठ, जमिनीलगत पसरलेली. मंडूकपर्णी आहे ताई. चिंतेसाठी तिच्यावरही लहानसहान अभ्यास झालेत, त्यामुळे अगदीच निराश होऊ नका.

हिरवं बोट:
म्हणजे तीन वर्षं मी भलत्याच झाडाचे आभार मानत होते?